भांडण चालू आहे तोवर

मंदावहिनींनी नवऱ्याशी केलेल्या भांडणांपैकी निम्मी मी माझ्या गाडीत, त्यांच्या शेजारी बसून ऐकली. उरलेली निम्मी कतारच्या उत्तर टोकापासून दुखानच्या रस्त्यापर्यंत ज्याच्याकडे म्हणून बिनतारी संच होता त्याने ऐकली. पलीकडे बहारीनच्या पाण्यात एक मासेमार त्यांचा आवाज ऐकून जाळं तसंच टाकून घरी गेला आणि बायकोची माफी मागून आला, असं सांगतात. सांगतात म्हणजे मीच सांगतो, पण आजवर कोणी खोडून काढलेलं नाही.

दोह्यात ओल्ड एअरपोर्ट भागात आमची दारं समोरासमोर. वहिनी बुटक्या, चालणं मात्र असं की कॉरिडॉरमधली माणसं आपोआप भिंतीला लागत. चष्मा दोरीने गळ्यात. ओढणीच्या टोकाला कायम एक गाठ. इतर बायका त्या गाठीत घराची किल्ली बांधतात, वहिनी फ्यूज बांधत. लग्नाआधी त्या नाशिकला एका कारखान्यात वायरलेस संचांच्या तपासणीवर होत्या, आणि तिथून नोकरी सुटली तरी तपासणी सुटली नव्हती. आमच्या घरी चहाला आल्या तर आधी फ्रिजला कान लावायच्या, "कॉम्प्रेसर दमलाय तुमचा" म्हणायच्या, आणि मग बसायच्या. महिन्याभरात फ्रिज बंद पडायचा. तो त्यांच्या धाकाने बंद पडत असे, असं माझं मत आहे.

त्यांचे यजमान जयंतराव पाइपलाइनचे इंजिनिअर. उंच माणूस, आणि कपाळाला अशी आठी की तिच्यात पेन्सिल उभी राहिली असती. ते 'गुड मॉर्निंग' म्हणाले की ऐकणाऱ्याला वाटे, आपलं काल काय चुकलं? त्यांचं प्रेम एकाच वस्तूवर होतं. त्यांची लांब पल्ल्याची मोटरसायकल. तिला मोटरसायकल म्हणणं म्हणजे हत्तीला पाळीव प्राणी म्हणणं. दोन्ही बाजूंना पेट्या, मागे बसणाऱ्यासाठी सोफा, आणि पुढे एवढी काच की तिच्यामागे एका कुटुंबाचा संसार झाला असता.

दर शुक्रवारी सकाळी आम्हा मराठी मंडळींचा मोटरसायकलींचा ताफा निघे. पाटणकर अध्यक्ष. निवडणूक झाली नव्हती, पण पहिल्या फेरीला त्यांनीच थर्मास आणला होता आणि आपल्यात तेवढं पुरतं. शेपटाला रत्नागिरीचा इक्बाल. मी माझी मोटरसायकल तत्त्वासाठी विकली. तत्त्व म्हणजे माझी बायको. म्हणून ताफ्याच्या मागून पाणी, हत्यारं आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन गाडी हाकायचं काम माझ्याकडे आलं, आणि माझ्या शेजारच्या सीटवर, मांडीवर माइक घेऊन, मंदावहिनी आल्या.

तो संच म्हणजे सीबी रेडिओ. परदेशातले ट्रकवाले रस्त्यात एकमेकांशी बोलायला वापरतात तो. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं, आणि एक बोलतो ते सगळे ऐकतात. पाटणकरांचं म्हणणं होतं की हेल्मेटमधला ब्लूटूथ बरा. वहिनी म्हणाल्या, "ब्लूटूथ म्हणजे शेजारणीशी गॅलरीतून बोलणं. मला गावाच्या वेशीवरनं हाक मारायचीय." परवान्याचे कागद जयंतरावांनी रीतसर करून आणले आणि वहिनींनी बिल्डिंगच्या खालच्या पार्किंगमध्ये एकेक मोटरसायकल ओळीने घेतली. चटईवर बसून, सोल्डरिंगची लेखणी उदबत्तीसारखी धरून, त्या काम करायच्या आणि मालकाने हात मागे बांधून उभं राहायचं.

पाटणकरांची मोटरसायकल कोरी करकरीत, काळ्या रंगाची, आरशासारखी. संच बसला, पण पाटणकर काही बोलले की दहा पावलांवर फक्त खरखर. वहिनींनी मीटर लावला, अँटेना वरखाली केली, मान हलवली आणि घरून विळीच्या पात्याएवढी सुरी मागवली. अँटेनाच्या बुडाशी उघडा धातू लागल्याशिवाय आवाज बाहेर पडत नाही, मध्ये रंग असला की सगळा आवाज आतच कोंडतो, असं सांगत त्यांनी मागच्या दांड्यावरचा तो काळा रंग बटाट्याच्या सालीसारखा सोलून काढला. पाटणकरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो कोणत्याही संचाशिवाय शहराबाहेरच्या उम्म सलालपर्यंत गेला असावा.

"रंगावर प्रेम आहे की माणसावर?" वहिनींनी मान वर न करता विचारलं.

बिघाड शोधायचा त्यांचा एक ठरलेला क्रम होता आणि तो त्या पुटपुटत जायच्या. फ्यूज, अर्थिंग, अँटेना, माणूस. आधी तार तपासा, मग माणसावर संशय घ्या. इक्बालचा संच मुका झाला तेव्हा सगळे संच उघडायला निघाले होते. वहिनींनी क्रमाने तीन गोष्टी पाहिल्या आणि चौथी इक्बाल निघाला. त्याने आवाजाचं बटण शून्यावर ठेवलं होतं, कारण बायको फोनवर बोलत असताना टीव्हीचं ठेवायची त्याला सवय.

सगळ्यांचे संच वहिनींनी असे स्वच्छ केले की पलीकडचा माणूस कानात कुजबुजतो आहे असं वाटावं. फक्त जयंतरावांच्या संचात एक शीळ राहिली. ते बटण दाबून बोलले की आवाजामागे चिलटासारखा बारीक सूर यायचा. पाटणकरांनी फिल्टर आणून दिला. वहिनींनी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाल्या, असू दे, मला सवय आहे.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते ताफ्यात फक्त मला माहीत होतं, आणि तेही एका लिफ्टमुळे.

एकदा लिफ्टमध्ये जयंतरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कसे आहात? घरी सगळे मजेत ना? तुम्हाला हा शर्ट फार शोभतो."

मला दरदरून घाम फुटला. मला वाटलं माझी नोकरी गेली आणि ती ह्यांना आधी कळली. वहिनी भाजीची पिशवी घेऊन कोपऱ्यात होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं, पिशवीतून खजुराचं पाकीट ओढलं, दातांनी फाडलं आणि वासराला औषध चारावं तसे अंगठ्याने खजूर त्यांच्या तोंडात सारले. आमचा मजला येऊन गेला. लिफ्ट वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. शेवटी जयंतराव खेकसले, "लिफ्ट आहे की बैलगाडी ही?" तेव्हा वहिनींनी आरशाला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

संध्याकाळी त्या आमच्याकडे येऊन बोलल्या. ह्यांना मधुमेह आहे, इन्शुलिनची सुई घ्यावी लागते, सुई घेतल्यावर वेळेत खाल्लं नाही तर साखर एकदम उतरते. "दुसऱ्यांना चक्कर येते, घाम येतो. ह्यांना तसलं काही कळतच नाही. ह्यांची साखर उतरली की हे सभ्य होतात. मग गप्प होतात. मग पडतात."

दंडाला चिकटवायचं, साखर मोजणारं यंत्र त्यांनी आणलं होतं. ते भर मीटिंगमध्ये वाजलं म्हणून जयंतरावांनी काढून टाकलं. मी म्हटलं, मग मोटरसायकल बंद करा. त्या म्हणाल्या, "किल्ली लपवून पाहिली. टॅक्सीने गेले आणि भाड्याची घेऊन आले. आणि हे कुणाला कळता कामा नये, भावजी. कळलं की पाटणकर ह्यांना बालवाडीच्या पोरासारखं मधोमध चालवणार, आणि हे ताफा सोडून एकटे जायला लागणार. एकटे गेले तर मी काय ऐकू?"

म्हणून ती भांडणं. ताफा चालू लागला की थोड्या थोड्या वेळाने वहिनी माइक उचलायच्या आणि नवऱ्याला डिवचायच्या. गॅस बंद केला होता का? तुमच्या बहिणीने लग्नात मला दिलेली साडी दोन ठिकाणी विरलेली होती, माहीत होतं का? तुमच्या आईच्या लोणच्याला बुरशी यायची ते आठवतं का? पलीकडून जयंतराव कडाडायचे. "लोणच्याचं काय काढलंस आत्ता? इथे माझ्या बाजूने ट्रक चाललाय." आणि वहिनी माइक मांडीवर ठेवून बाहेर बघायच्या, पुढच्या दहा-पंधरा मिनिटांपुरत्या निश्चिंत. ताफ्याला वाटे, काय कजाग जोडपं आहे. शुक्रवारची ही मालिका ऐकायला मिळावी म्हणून दोघांनी जुन्या मोटरसायकली दुरुस्त करून घेतल्या.

एकदा मात्र घोटाळा झाला. झिक्रीतच्या वाटेवर वहिनींनी लोणचं काढलं आणि पलीकडून काहीच आलं नाही. पुन्हा विचारलं, काही नाही. त्यांनी चॅनेलवर ताफा थांबवला, मला गाडी पळवायला लावली, आणि पाहतो तर जयंतराव कडेला उभे राहून सीटखाली चिमटलेली बटणाची तार सोडवत होते. तार ती चिमटली होती, माणूस धडधाकट. सगळे हसले. जयंतराव हसले नाहीत. सगळ्यांसमोर म्हणाले, "पुन्हा मला उगाच थांबवलंस तर हा संच उपटून वाळूत फेकीन आणि एकटा जात जाईन." ह्या माणसाने दिलेली धमकी कधी वाया गेलेली नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी तो शुक्रवार उजाडला.

वारा होता. धूळ जमिनीलगत सापासारखी सरपटत रस्ता ओलांडत होती. उम्म सलाल मोहम्मदला नेहमीच्या टपरीवर चहा-पराठ्याला थांबलो. वहिनी इक्बालच्या अँटेनाची ढिली जोडणी आवळायला बसल्या. मी माझ्या पराठ्यांचा समाचार घेत होतो. तेवढ्यात पाटणकरांनी जयंतरावांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना दुकानाच्या मागच्या बाजूला नेलेलं मी पाहिलं. मला वाटलं हेल्मेटबद्दल काही असेल. नंतर कळलं, नवी कुटुंबं ताफ्यात येणार होती, मुलंबाळं संच ऐकणार होती, आणि अध्यक्ष ह्या नात्याने चारचौघांत एका नवरा-बायकोचा समेट घडवणं आपलं कर्तव्य आहे असं पाटणकरांनी ठरवलं होतं. आपल्या लोकांना समेट घडवायला फार आवडतं. भांडण कशावरून आहे ते विचारायची पद्धत नाही.

ताफा निघाला. पाटणकर पुढे, त्यांच्या मागे जयंतराव, मग बाकीचे, मग इक्बाल, आणि बऱ्याच मागे आमची गाडी. धुळीत पुढचं काही दिसत नव्हतं. डाव्या लेनने मोठे ट्रक गाडीला धक्का देत जात होते. वहिनींनी माइक उचलला आणि एकदम मनमाड काढलं. मनमाड म्हणजे हुकमी बाण. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात जयंतराव बायकोला मनमाडच्या फलाटावर विसरून गाडीत चढले होते, आणि तो विषय निघाला की ते हेल्मेट फाटेल असे ओरडायचे.

"अहो, मनमाडला मला विसरलात ते मुद्दामच ना?"

"नाही गं मंदा. चूक माझीच होती. तुला किती त्रास झाला असेल तेव्हा."

वहिनींचा हात माइकसकट मांडीवर आला. मी हसणार होतो, पण त्यांचं तोंड पाहून थांबलो.

"फ्यूज," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आवाज आला म्हणजे फ्यूज ठीक. अर्थिंग ठीक. अँटेना ठीक." चौथं नाव त्यांनी घेतलं नाही.

तेवढ्यात पाटणकरांचा आवाज आला, सत्कार स्वीकारायला उभा राहिल्यासारखा. "वहिनी, फरक जाणवला ना? मीच आज चहाला समज दिली त्यांना. म्हटलं, चारचौघांत घरच्या माणसाशी नीट बोलावं. त्यांनी शब्द दिलाय मला."

मी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की समोरच्या काचेवर वाफ आली. चला, माणूस सभ्य झाला तो पाटणकरांमुळे. वहिनी माझ्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला काही विचारलेलं मला आठवत नाही, त्या सांगायच्या.

"भावजी, खरंच तेवढंच असेल का हो?"

मी म्हटलं, अर्थात. आणि दोघांनाही एकच गोष्ट आठवली. पुन्हा उगाच थांबवलं, तर संच वाळूत आणि माणूस एकटा. माइक तोंडाशी गेला आणि खाली आला. पुन्हा गेला, पुन्हा खाली आला. मग त्यांनी विचारलं, अगदी सहज, स्वैपाकघरातून विचारावं तसं.

"पाटणकर, ह्यांनी पराठा खाल्ला का हो तिथे?"

"कुठला हो, बोलण्याच्या नादात गारच झाला तो. वाया कशाला घालवायचा, म्हणून शेवटी मीच खाल्ला."

घरून सुई टोचून घेऊन निघालेला माणूस. तरीही वहिनींनी घाई केली नाही. नवऱ्याला विचारलं, "अहो, हेल्मेटची काच पुसलीत का?"

"बरं," जयंतराव म्हणाले, आणि बटण लगेच सुटलं नाही.

"आवाज नका ऐकू," वहिनी मला म्हणाल्या, "मागची ती शीळ ऐका. इंजिन जसं फिरतं तशी ती चढते-उतरते. एका वेगात माणूस चालला असला की ती एका सुरात असते. ही बघा, घसरली. आता ओढून घेतली. पुन्हा घसरली. ह्यांची मूठ ढिली पडतेय."

ती शीळ त्यांनी का काढली नव्हती, ते मला तेव्हा कळलं.

वहिनींनी बटण दाबलं. "सगळ्यांनी ऐका. ह्यांना मधुमेह आहे, साखर उतरलीय. पाटणकर, वेग हळूहळू कमी करा, ब्रेक मारू नका. इक्बाल, पुढे जा, ह्यांच्या डाव्या अंगाला राहा, ट्रकला जवळ येऊ देऊ नको." इतकी वर्षं जिवापाड राखलेली गोष्ट त्यांनी एका दमात अख्ख्या कतारला सांगून टाकली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो, मूठ सोडा. उजवीकडे कडेला घ्या."

"बरं."

आणि जयंतरावांचा अंगठा बटणावर तसाच राहिला.

ज्याने हा संच वापरला नाही त्याला ह्यातली भीती सांगायला हवी. एकाने बटण दाबून धरलं की चॅनेल त्याचं. तो सोडेपर्यंत दुसऱ्या कोणाचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही. वहिनींना आता नवऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता आणि नवऱ्याला त्या जगात आहेत एवढंही कळवता येत नव्हतं. शीळ वर गेली, खाली आली. आणि तिच्यामागे जयंतराव कोणाशी तरी फार आपुलकीने बोलत होते.

"या, या ना. बसा. चहा घेणार? मंदा, पाहुणे आलेत."

मी गाडी अशी दामटली की बाकीच्या गाड्या मागे चालल्यासारख्या वाटायला लागल्या. वहिनींनी माझ्या दंडाला धरलं. जोरात पळवा, पण आवाज करू नका, मला ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी एसी बंद केला, श्वास बंद केला, जमलं असतं तर इंजिनही बंद करून गाडी पळवली असती. धुळीतून इक्बालची पाठ दिसली. त्याच्या उजव्या हाताला तो हत्ती, एकदा ह्या पट्ट्याकडे झुकत, एकदा त्या. इक्बाल हात हलवत होता, ओरडत होता. जयंतराव त्याच्याकडे बघून मान लववत होते, लग्नाच्या मांडवात ओळखीचं कोणी दिसल्यासारखी. मागून एक ट्रक हॉर्नचा गळा फाडत होता.

संचात खट् झालं. अंगठा सुटला होता. पुन्हा कधी पडेल सांगता येत नव्हतं. वहिनींना एक वाक्य मिळणार होतं, आणि ज्या डोक्यात ते जायचं होतं तिथे कारण, काळजी, बायको, काहीच पोचत नव्हतं. मला वाटलं त्या किंचाळतील. त्या अगदी शांतपणे, दारावर कोणी आलंय असं सांगावं तसं म्हणाल्या, "अहो, मागे पोलीस आहे. बाजूला घ्या."

आखातात इतकी वर्षं काढलेल्या माणसाची शुद्ध गेली, नाव विसरलं, बायको विसरली, तरी एक गोष्ट त्याच्या हाडांत शिल्लक असते. जयंतरावांचा उजवा इंडिकेटर लागला. हत्ती नमला, कडेच्या पट्टीवर आला, थांबला. पाटणकर तर पुढे कधीच थांबले होते. मधले सगळे ओळीने कडेला लागले. टोमॅटोच्या पेट्या घेऊन चाललेला एक अनोळखी पिकअपवाला थांबला, ज्याच्याकडे संचच नव्हता. आणि माझी गाडीसुद्धा कडेला उभी होती. वहिनींनी माइक माझ्या कोपरावर हाणला. "तुम्ही कशाला थांबलात? चला."

आम्ही पोचलो तेव्हा जयंतराव पाय टेकवायचं विसरले होते. इक्बालने आपली मोटरसायकल टाकून त्यांची मूठ धरली होती, तरी ते धूड हळूच आडवं झालं आणि त्यांचा घोटा त्याखाली सापडला. त्याची त्यांना दादही नव्हती. वाळूत बसून ते खिसे चाचपत होते. वहिनी समोर जाऊन उकिडव्या बसल्या. जयंतरावांनी लायसन्स शोधून काढलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं.

"सॉरी, सर."

वहिनींनी लायसन्स घेऊन कुडत्याच्या खिशात ठेवलं आणि आंब्याच्या रसाचा डबा त्यांच्या तोंडाला लावला. एक संपला, दुसरा फोडला. वाऱ्याने त्यांची ओढणी उडून रस्त्यापलीकडच्या कुंपणाला जाऊन अडकली. कोणी आणायला गेलं नाही. पाटणकर हेल्मेट पोटाशी धरून उभे होते आणि त्यांचे ओठ नुसते हलत होते. आम्ही सगळे एकाच गोष्टीची वाट पाहत होतो. आता आठी पडेल, आता हा माणूस खेकसेल.

जयंतरावांची नजर स्थिर झाली. त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं, आडव्या मोटरसायकलकडे पाहिलं, आणि सगळ्यांना सगळं कळलंय हे त्यांना कळलेलं आम्हाला दिसलं.

"थँक्यू, मंदा," ते म्हणाले. "तुम्हा सगळ्यांनाच त्रास झाला."

वहिनींनी त्यांचं बोट टोचून मीटर पाहिला. आकडा चांगला होता. त्यांनी आकड्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि दुसरं बोट टोचलं.

घोट्याला प्लास्टर पडलं. मोटरसायकल विकायची, हे जयंतरावांनी स्वतःच जाहीर केलं. दंडाला यंत्र लावून घेतलं. आणि ते सभ्य झाले ते सभ्यच राहिले. लिफ्टमध्ये माझी चौकशी करायचे. जेवून उठताना स्वतःचं ताट उचलायचे. माझी बायको मला म्हणाली, बघा, काही शिका. मी कुंपणावरची ओढणी आणायला पुन्हा तेवढ्या लांब जाऊन आलो, ती मिळाली नाही, हे सांगायला गेलो तर वहिनी दारातच उभ्या होत्या.

"भावजी, काल भाजीत मीठ घालायचं राहिलं. ह्यांनी खाल्ली आणि छान झालीय म्हणाले. मी बोट टोचलं. साखर बरोबर." त्या बोटांवर मोजायला लागल्या. "मनमाड काढून झालं. आईंचं लोणचं काढून झालं. सगळ्याला हो म्हणतात. यंत्रावर आकडा दिसतो हो, पण..."

वाक्य अर्धं टाकून त्या आत वळल्या. त्यांची अशी अवस्था मी त्याआधी पाहिली नव्हती.

मोटरसायकल न्यायला अल गराफाहून कोणी माणूस संध्याकाळी येणार होता, त्या दुपारी मी कचरा टाकायला पार्किंगमध्ये उतरलो. बाहेर उन्हाने पत्रे तडतडत होते. खांबापलीकडे वहिनी चटईवर बसून संच सोडवत होत्या, आणि जयंतराव कुबडी काखेत धरून टॉर्च दाखवत उभे होते. सीट उघडी, बॅटरी उघडी. वहिनींनी पाना उचलला आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हवर लावला.

आता हे लक्षात घ्या. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढतात, हे मला माहीत आहे, म्हणजे ते कोणालाही माहीत असतं. आधी पॉझिटिव्हला हात घातला आणि पाना लोखंडाला टेकला तर ठिणगी उडते. आयुष्य तपासणीत गेलेल्या मंदावहिनी पॉझिटिव्हवर पाना लावून, सावकाश, देवाला फूल वाहावं तितक्या सावकाश, तो फिरवायला लागल्या. मी तोंड उघडणार होतो.

जयंतरावांनी एकदा घसा खाकरला. "मंदा, जरा..." ते म्हणाले, आणि थांबले. पाना आणखी फिरला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" असा आवाज निघाला की पार्किंगमधल्या दोन गाड्यांचे अलार्म वाजले. "आधी निगेटिव्ह काढ. सबंध जन्म वायरी उपसण्यात घालवलास आणि आज मला जाळायला निघालीस? सरक तिकडे. आण तो पाना."

वहिनींनी पाना दिला नाही. त्यांची मान खाली होती आणि खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत. मग त्यांनी तोंड वळवलं आणि मी दिसलो. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, गालाला ग्रीस, आणि हसू दाबता दाबता डोळे वाहत होते. मागून जयंतराव अजून गरजतच होते, आता नाशिकच्या त्या कारखान्यापर्यंत पोचले होते.

मी पुढच्याच आठवड्यात लांब रजेवर गेलो. परतलो तेव्हा समोरच्या दाराला वेगळं कुलूप होतं, पाटी दुसऱ्याच कुणाची. त्यामुळे माझ्याकडे शेवटचं आहे ते एवढंच: वहिनींनी त्याच पान्याने मला खूण केली, जा. मी कचऱ्याची पिशवी तशीच हातात घेऊन वर आलो.